साक्ष आणि जमाखर्च : होंडुरासमधल्या घरबांधणीचं एक प्रकरण

मध्य अमेरिकेतला होंडुरास म्हटला की आपल्याकडे अनेकांना एक फॉरवर्ड आठवतो, चोलुतेका नदीवरच्या पुलाचा. जपानी कंपनीने बांधलेला हा पूल १९९८ मध्ये तयार झाला. त्याच वर्षी चक्रीवादळ आलं, पूल जागच्या जागी उभा राहिला आणि नदीच पात्र सोडून शेजारून वाहू लागली. मॅनेजमेंटच्या शिबिरांत हा फोटो दाखवून बदलाला सामोरं जाण्याचे धडे देतात. त्याच वादळात होंडुरासमधली सुमारे ३३ हजार घरं नाहीशी झाली आणि ५० हजारांच्या आसपास घरांची मोडतोड झाली. त्यांचा फोटो मला अजून कुणी पाठवलेला नाही.

मी वर्गात शिकवतो ते हे प्रकरण त्या घरांपैकी काहींचं आहे. ती दोन प्रकारची होती. काही घरं उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून आलेल्या स्वयंसेवकांनी बांधली. तशीच दुसरी घरं होंडुरासमधल्या ख्रिस्ती संस्थांनी, गावातले गवंडी आणि खुद्द घरमालक यांना हाताशी धरून उभी केली. वादळ तेच, गरज तीच, फरक इतकाच की एकीकडे पाहुणे आले आणि दुसरीकडे आले नाहीत. मिशन ट्रिपबद्दल, म्हणजे चर्चच्या गटांनी सेवेसाठी काढलेल्या छोट्या परदेश दौऱ्यांबद्दल, बोलताना अशी जोडी सहसा हाती लागत नाही. लोक जातात, येतात, रविवारी मंडळीपुढे, म्हणजे चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे, साक्ष देतात, आपल्यात काय बदल झाला ते सांगतात, आणि ते गेलेच नसते तर काय झालं असतं हे तपासायला काहीच साधन नसतं. इथे होतं.

वादळाचं नाव मिच. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर ते कॅरिबियन समुद्रात पाचव्या श्रेणीपर्यंत पोचलं, पण होंडुरासचं खरं नुकसान वाऱ्याने केलं नाही. वादळ उत्तर किनाऱ्याजवळ रेंगाळलं आणि दिवसचे दिवस पाऊस ओतत राहिलं. देश डोंगराळ. उतारावर वस्ती कुणाची असते ते सांगायला नको. तेगुसिगाल्पा या राजधानीत तर डोंगराचा एक भाग सरकून नदीत आला आणि पाणी तुंबलं. सुमारे ६० लाख वस्तीच्या देशात ७ हजारांच्या आसपास माणसं गेली. सगळी मध्य अमेरिका धरली तर आकडा ११ हजारांच्या वर जातो. राष्ट्राध्यक्ष कार्लोस फ्लोरेस यांनी ५० वर्षांची प्रगती वाहून गेल्याचं सांगितलं. उत्तरेकडच्या केळीच्या बागा पाण्याखाली गेल्या आणि त्या बागांवर पोट असलेल्या मजुरांचं कामही गेलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. लोकांचं घर गेलं होतं आणि मजुरीही गेली होती, पण बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं एकच दिसत होतं.

मदत करणाऱ्या अनेक संस्थांमध्ये ख्रिश्चन रिफॉर्म्ड वर्ल्ड रिलीफ कमिटी ही एक होती. अमेरिका आणि कॅनडातल्या रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका शाखेतल्या, मंडळ्यांची ही मदतसंस्था, आता तिचं नाव वर्ल्ड रिन्यू आहे. तिच्यामार्फत मंडळ्यांमधले गट होंडुरासमध्ये घरं बांधायला गेले. अशा दौऱ्यांचा साचा ठरलेला असतो. पाळकसाहेब आवाहन करतात, तरुण मंडळी गाड्या धुऊन, केक विकून, नातेवाइकांना पत्रं लिहून पैसे जमवतात, निघण्याआधी सगळ्यांवर हात ठेवून प्रार्थना होते. मग विमान, बस, काम, संध्याकाळची उपासना, शेवटच्या दिवशी किल्ली देण्याचा समारंभ आणि रडारड. रॉबर्ट वुथनाव या समाजशास्त्रज्ञाने २००५ च्या पाहणीवरून अंदाज बांधला होता की एका वर्षात अमेरिकेतल्या चर्चमधून सुमारे १६ लाख लोक अशा परदेशी दौऱ्यांवर जातात, आणि साधारण मुक्काम आठ दिवसांचा असतो.

आठ दिवसांत बांधकामाचं काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या आयुष्यात मीही असा एक दौरा केला. कुठे ते महत्त्वाचं नाही. पहिल्या सकाळी मला फावडं मिळालं आणि माल कालवायला सांगितलं. वाळू आणि सिमेंट कोरडंच दोनदा परतायचं, ढीग करायचा, मधोमध खळगा पाडायचा आणि त्यात पाणी ओतायचं. मग कडेने थोडं थोडं आत ढकलत जायचं. मी उत्साहाने मधेच फावडं घातलं. कड फुटली, सिमेंटचं करडं पाणी ओघळून माझ्या बुटांखालून पलीकडच्या मातीत गेलं. शेजारचा गवंडी काही बोलला नाही. त्याने पायानेच वाळू सारून भगदाड बुजवलं, एक घमेलं पाणी पुन्हा ओतलं, आणि फावडं माझ्या हातातून हळूच काढून घेऊन मला विटा वाहायला पाठवलं. दिवसभरात त्याने आम्हा नऊ जणांना कामं नेमून देण्यात जितका वेळ घालवला, तितक्यात त्याचा दीड थर चढला असता. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला फक्त माझे फोड दिसत होते, आणि त्यांचा थोडा अभिमानही होता.

होंडुरासकडे परत येऊ. कर्ट व्हर बीक हे त्या वेळी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या कॅल्विन कॉलेजचे (आता कॅल्विन विद्यापीठ) समाजशास्त्राचे प्राध्यापक, पण राहायला होंडुरासमध्येच, मिचच्याही बऱ्याच आधीपासून. म्हणजे हा माणूस स्वतः ख्रिस्ती, त्याच रिफॉर्म्ड परंपरेतला. मिशन ट्रिपवर टीका म्हणजे बाहेरच्यांची कुरकुर, असं म्हणून त्याचं काम बाजूला सारता येत नाही. त्यांनी दोन्ही टोकांना विचारलं. इकडे घर मिळालेल्या ७८ होंडुरासवासीयांच्या मुलाखती घेतल्या, तिकडे घरं बांधायला येऊन गेलेल्या १२७ उत्तर अमेरिकी लोकांची पाहणी केली. विचारपूस काम संपल्या संपल्या न करता काही वर्षं उलटल्यावर केली. निष्कर्ष २००६ मध्ये मिशन-अभ्यासाच्या एका नियतकालिकात छापून आले.

घर मिळालेल्यांचा भाग आधी. पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणारं कुटुंब आणि गावच्या लोकांनी बांधलेल्या घरात राहणारं कुटुंब यांच्या आयुष्यात सांगण्यासारखा फरक मिळाला नाही. घर मिळाल्याचा आनंद दोन्हीकडे होता. परदेशी पाहुणे आले म्हणून कुटुंबाची श्रद्धा वाढली, हिंमत वाढली, गावात एकी झाली, असं काही वेगळं उठून दिसलं नाही. फरक दिसला तो दुसऱ्याच ठिकाणी : काम हाताळणारी स्थानिक संस्था कशी आहे, तिचं गावाशी आधीपासून नातं आहे का, घर झाल्यावर तिची माणसं पुन्हा येतात का. म्हणजे निकाल लावणारी गोष्ट पाहुणे विमानात बसण्याआधीच ठरलेली होती.

आता पैसे. स्थानिक पद्धतीने एक घर सुमारे २ हजार डॉलरमध्ये होत होतं. पाहुण्यांच्या गटाचा खर्च विमानभाड्यासकट सरासरी ३० हजार डॉलर.

हा आकडा वर्गात सांगितला की कुणीतरी हमखास म्हणतं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हण चपखल आहे, हिशेबात मात्र कमी पडते. घराचे २ हजार वगळले तर इथे मसाला तिप्पट नसून चौदा पट आहे. मी विद्यार्थ्यांना वेगळा हिशेब करायला लावतो. गट पंधरा जणांचा धरा, म्हणजे माणशी २ हजार डॉलर. एकेकाचं जाणं-येणं, राहणं आणि खाणं मिळून बरोबर एक घर. पंधरा माणसं विमानात बसली की पंधरा घरांचे पैसे बसले, आणि उतरल्यावर त्या सगळ्यांनी मिळून एक घर बांधलं. असं मांडलं की वर्ग थोडा वेळ गप्प बसतो.

पण हा हिशेब एवढ्यावर सोडला तर लबाडी होईल. त्याला एक सरळ उत्तर आहे आणि ते कुठलाही पाळक देईल : हे ३० हजार डॉलर होंडुराससाठी कुठे पडून नव्हते. आजीने नातवाला शंभर डॉलर दिले ते नातू जातोय म्हणून. दौरा रद्द केला असता तर पंधरा घरं झाली नसती, एकही झालं नसतं. दान हे पाण्यासारखं एका टाकीतून दुसऱ्या टाकीत वळवता येत नाही. मला हा मुद्दा खरा वाटतो. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : जो एकदा जाऊन येतो तो बदलून येतो, पुढची वीस वर्षं देत राहतो, प्रार्थना करतो, मुलांना शिकवतो. म्हणजे २८ हजार डॉलर ही गुंतवणूक समजायची. चर्चमध्ये दौऱ्याचं समर्थन शेवटी याच पायावर उभं असतं, भाषा कितीही वेगळी असली तरी.

हा पाया तपासता येतो, आणि व्हर बीक यांनी तो तपासला. या अभ्यासातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

त्यांनी जाऊन आलेल्यांना विचारलं की दौऱ्यानंतर तुमच्या देण्यात, प्रार्थनेत, गरिबांविषयीच्या वागण्यात काय बदल झाला. लोकांनी बदल झाल्याचं सांगितलं. आधीच्या बऱ्याच पाहण्या इथेच थांबत आणि मोठे आकडे छापत. यांनी पुढे जाऊन संस्थेच्या देणगीच्या नोंदी काढल्या, दौऱ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या. नोंदींमध्ये लोकांच्या सांगण्याला शोभेल अशी वाढ नव्हती. थोडीफार होती, बहुतेकांच्या खात्यात हालचालच नव्हती.

हे लोक खोटं बोलत होते असं मला मुळीच वाटत नाही. साक्ष देणाऱ्या माणसाला मी ओळखतो, कारण मी दिली आहे. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी मंडळीपुढे उभं राहिलात की समोर तेच लोक बसलेले असतात ज्यांनी तुमच्या तिकिटाला पैसे दिले. त्यांना द्यायला तुमच्याकडे एकच वस्तू असते, तुमचं बदललेलं मन. मग तुम्ही ते देता. ‘आम्ही द्यायला गेलो होतो, पण आम्हालाच जास्त मिळालं.’ हे वाक्य मी अक्षरशः असंच म्हटलं होतं, आणि आधीच्या वर्षीच्या गटाने म्हटलेलं मीच ऐकलं होतं. त्या क्षणी ते खरं असतं. एकदा मोठ्याने म्हटलं की पुढे आपल्यालाही ते झालंच आहे असं वाटू लागतं. तीन वर्षांनी कुणी प्रश्नावली पाठवली तर माणूस त्या रविवारचं उत्तर लिहितो, गेल्या महिन्याचं नाही. देणगीची वही मात्र गेल्या महिन्याचंच सांगते.

व्हर बीक यांनी यासाठी रोपट्याची उपमा वापरली आहे. कोवळं रोपटं वाकवलं की वाकतं, सोडलं की परत जागेवर येतं. त्याला वाकलेलं ठेवायचं तर आधार द्यावा लागतो, बराच काळ. दौरा म्हणजे वाकवणं. आधार म्हणजे परतल्यावर वर्षभर भेटणारा गट, प्रश्न विचारणारा कुणीतरी वडीलधारा, ठरवलेल्या देणगीची आठवण. हे कंटाळवाणं काम असतं आणि त्याचे फोटो निघत नाहीत, त्यामुळे ते कुणी करत नाही. माझ्या गटाची परतल्यावर एक बैठक झाली. अजेंडा होता फोटोंचा आल्बम.

मगाशी मजुरीची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितलं होतं. बागा बुडाल्या, कामं गेली, हाताला काम नसलेली माणसं गावात बसून होती. अशा गावात घर बांधायचं म्हणजे काही आठवड्यांची मजुरीही असते : गवंड्याची, हाताखालच्या माणसाची, वाळू आणणाऱ्याची. २ हजार डॉलरच्या घरात यातला काही पैसा गावात फिरतो. पाहुणे स्वतःच्या खर्चाने येऊन फुकट विटा वाहतात तेव्हा ही मजुरी कुणाच्या तरी हातची जाते. त्यांच्या मनात कुणाचा घास काढून घ्यायचा नसतो, उलट फुकट श्रमदान हाच त्यांना त्याग वाटतो. होंडुरासच्या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न हा आहे आणि त्यावर चर्चा सर्वांत कमी होते. देणारा स्वतःकडे जे आहे ते देतो. पंधरा अमेरिकी कॉलेजकुमारांकडे आठ दिवस आणि दोन-दोन हात होते. होंडुरासच्या गावात हात भरपूर होते.

वर्गात इथे नेहमी कुणीतरी विचारतं की मग घर मिळालेल्या लोकांना पाहुणे नको होते का. तसं नाही. कुणी इतक्या दुरून आपल्यासाठी आलं याचं अप्रूप माणसाला वाटतंच, आणि त्याला किंमत नाही असं म्हणणारा मी कोण. पण ते अप्रूप एका भेटीतून मिळतं. त्यासाठी पाहुण्याने थर लावायलाच हवा असं नाही, ओळंब्याशी त्याची ओळख नसेल तर मुळीच नाही. जेवायला बसा, वादळाच्या रात्रीची हकिगत ऐका, एकत्र प्रार्थना करा, आणि भिंत ज्याला येते त्याला बांधू द्या.

या प्रकरणाला एक दुसरं पान आहे. अभ्यासात ते नाही, पण मी ते कधी वगळत नाही. १९९८ मध्ये, म्हणजे मिचच्याच वर्षी, व्हर बीक आणि त्यांचे होंडुरासवासी मित्र कार्लोस हर्नांडेझ यांनी काही सहकाऱ्यांसह न्यायासाठी काम करणारी एक ख्रिस्ती संघटना उभी केली. स्पॅनिशमधलं तिचं नाव अधिक न्याय्य समाजासाठीची संघटना असं आहे. जमिनीची कागदपत्रं, मजुरांचे हक्क, सरकारी कारभारातला भ्रष्टाचार हे तिचे विषय. या संघटनेचे एक वकील, दिओनिसिओ दियाझ गार्सिया, सुरक्षारक्षकांच्या कामगार-हक्कांचे खटले लढवत होते. ४ डिसेंबर २००६ रोजी तेगुसिगाल्पात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. घरांवरचा अभ्यास छापून आला तेही हेच वर्ष.

विद्यार्थी विचारतात, याचा मिशन ट्रिपशी काय संबंध. मी त्यांना त्या सुरक्षारक्षकाचं कुटुंब डोळ्यांसमोर आणायला सांगतो. त्याची गरिबी कशात आहे? समजा घर आहे, अगदी पाहुण्यांनी बांधून दिलेलंही असेल. पण हक्काची मजुरी हाती येत नाही, आणि मागायला गेलं तर नोकरी जाते. ही गरिबी फोटोत दिसत नाही. तिच्यावर घमेलं घेऊन आठ दिवसांत काही करता येत नाही. तिथे लागतो स्थानिक कायदा जाणणारा, स्थानिक भाषा बोलणारा, धमक्या आल्यावर विमानाने परत न जाणारा माणूस. असा माणूस तिथेच असतो. बाहेरच्या मंडळीने त्याचा महिन्याचा पगार दिला तर होतं, पण त्यासाठी केक विकायला कुणी उभं राहत नाही. पाटीवर लिहायचं तरी काय?

प्रकरण संपवताना मी वर्गात ३० हजार डॉलरचा कोरा ताळेबंद वाटतो. अट एकच, दौरा पूर्ण रद्द करायचा नाही, कारण आजीचे शंभर डॉलर नातवासोबतच येतात हे आपण मान्य केलं आहे. उत्तरं दर वर्षी वेगळी येतात. काही जण पंधराऐवजी चौघांनाच पाठवतात आणि उरलेल्यात अकरा घरं बसवतात. एका मुलीने तिकिटाचा खर्च ‘प्रवास’ या सदरातून काढून ‘आमचं शिक्षण’ या सदरात टाकला आणि ‘होंडुरासला मदत’ या सदरात फक्त २ हजार ठेवले. ‘खर्च तेवढाच राहू दे, फक्त नाव खरं लिहू या,’ ती म्हणाली. दुसऱ्याने गवंड्याला गटाचा शिक्षक म्हणून मानधन लावलं, दिवसाच्या मजुरीच्या दुप्पट. मला ते फार पटलं. माझं फावडं काढून घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी खरोखर दोन कामं करावी लागली होती.

आणि व्हर बीक? इतकं सगळं मोजून झाल्यावर त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या तरुणांना होंडुरासला आणणं बंद केलं असेल, असं वाटतं. तसं झालं नाही. ते आणि त्यांच्या पत्नी तिथे कॅल्विनच्या विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्रम चालवत आले. मुलं आठ दिवसांऐवजी अख्खं सत्र राहायला येत, होंडुरासमधल्या कुटुंबांच्या घरी राहत, स्पॅनिश शिकत आणि गरिबी कशी तयार होते हे वर्गात आणि वर्गाबाहेर समजून घेत. घर देणारं कुटुंब तिथलंच असे. राहायला पाहुणे येत.